अंगण फोडणाऱ्या पोरीबद्दल यमुताईले

यमुताईले धाकट्या कौसल्याचा वाकून नमस्कार. (गुडघा पूर्ण वाकू देत नाही, उरलेला तू समजून घेजो.) तुझा खोकला कसा आहे? खापरखेड्याच्या वीजघराची राख तुळशीवर बसते म्हणे, तर ती पानं चहात टाकत नको जाऊ. इकडं मी बरी आहे. शुगर बरी आहे, बीपी बरा आहे, फक्त अंगण जाऊन राहिलं. माझ्या अनंतनं गाडी उभी करायले सिमेंटचं केलं होतं, तेच. रडू नको, मीच देऊन टाकलं.

आमच्या लेआउटमध्ये वैदेही नावाची एक पोरगी येऊन राहिली. शहरात ऊन कुठं कमी करायचं अन् पाणी कुठं मुरवायचं, याचा नकाशा करणं हे तिचं महापालिकेतलं काम. (अशीही नोकरी असते. मी पयले हसली होती.) भर मे महिन्यात, कुत्रंही नालीतून बाहेर येत नाही अशा दुपारी, ती छत्री घेऊन रस्ते तपासत फिरे. मले म्हणाली, आजी, चप्पल काढून आधी अंगणात पाय ठेवा, मंग कडुनिंबाखाली ठेवा. अंगणात पाय ठेवला अन् मी अशी उडाली की सुनेले वाटलं गुडघा बरा झाला.

मंग तिनं समाजमंदिरात सगळ्यायले बोलावलं. जमिनीवर मोहल्ल्याचा मोठा नकाशा पसरला अन् प्रत्येकाले टिकल्या दिल्या, कपाळाले लावतो त्याच. पाणी तुंबते तिथं निळी लावा, सावली पाहिजे तिथं हिरवी. आता तूच सांग, सरकारी माणूस पाणी म्हणते तेव्हा आपल्याले काय समजते? नळ. सगळ्यायनं निळी टिकली आपापल्या दारापुढं चिकटवली. मी दोन चिकटवल्या, टाकी मोठी आहे म्हणून. पुजाऱ्यानं तर टेकडीवरच्या देवळापुढंही एक लावली. हिरव्या टिकल्या तर बायायनं घरीच नेल्या. नकाशा पाहून ती पोरगी म्हणाली, "टेकडीवरच्या हनुमानालेही पुरातून काढावं लागते का आजी?" दुसरी असती तर आमच्या अडाणीपणावर कागद लिहून मोकळी झाली असती. ही हसली, खाली बसली अन् आमच्या हातचा चहा प्याली.

दुसऱ्या दिवशी तिनं काय करावं? कूलरचं शिळं पाणी आपण तसंही फेकतोच. ती म्हणाली, सगळे मिळून एकाच वेळी रस्त्यावर सोडा. वरून देवळातली वाळली फुलं टाकली, पाणी कुठं जाते ते दिसावं म्हणून. सारा मोहल्ला फुलांच्या मागं चालत निघाला, जशी कोणाची वरात. अन् वरात कुठं आली, तर माझ्या फाटकाशी. अनंतच्या सिमेंटनं जुनी नाली बुजवली आहे ना, तिथं ती अडली, वळली अन् सरळ शेजारच्या नत्थूजींच्या चौकटीतून आत गेली. नत्थूजी वायपर घेऊन दारात उभे. दर पावसाळ्यात त्यांच्या घरात पाणी शिरते, अन् मी म्हणत आली की तुमचंच घर खड्ड्यात आहे, म्हणून आमचं बोलणं बंद. ते माझ्या जास्वंदाले पाहून म्हणाले, "ऐकलं का गा, खड्ड्यात कोण आहे ते."

मी जास्वंदाची वाळली पानं खुडत बसली.

वैदेही मले एक शब्द लावून बोलली नाही. तिनं खडू घेतला अन् सिमेंटवर रेघ मारून दाखवलं, इतकं फोडायचं, नाली मोकळी करायची, उथळ खोलगट जागा करून गिट्टी-रेती घालायची, वरून कर्दळ अन् वाळा लावायचा. रस्त्याचं पाणी तिथं थांबन, मुरन. शाळेचं मैदानही थोडं खाली घेणार आहे, मुसळधार पावसात तळं, ओसरलं की पोरायले खेळायले मोकळं. बसस्टॉपवर करंज लावणार आहे. ऐकताना वाटलं, इतकी वर्षं आपण शहर राखलं नाही, नुसतं लिंपत बसलो. मी म्हणाली, फोड.

तुझी,
कौसल्या

ता. क. अनंतले अजून सांगितलं नाही. तो गाडी घेऊन पुण्याले गेला आहे, शनिवारी येते. फोडणारे शुक्रवारी येऊन राहिले. तो आईचं ऐकत नाही, मावशीचं ऐकते. तू गुरुवारीच येजो अन् त्याले सांगजो की ही अक्कल तुझी.

आणखी ता. क. गाडी कुठं लावू म्हणन, तर नत्थूजींच्या दारापुढं जागा आहे. आता तिथं पाणीही येणार नाही. त्यांना विचारलं नाही अजून. तू आलीच आहेस तर तेही तूच विचारजो, मी जास्वंदाजवळ उभी राहीन.