पंचविसावी नळी

मंगळवार, ६ फेब्रुवारी

सासूबाई आज मला चावल्या नाहीत! हातातून पाव घेतला, तोही दात न लावता. सासूबाई म्हणजे कुत्री. माझी खरी सासू केव्हाच गेली, आणि ती असती तर पावासकट हात घेतला असता.

भिंगरी, माझी नात, जनावरांची डॉक्टर. लहानपणी एका जागी ठरायची नाही म्हणून भिंगरी, आता चष्मा लागला तरी भिंगरीच. तिच्या केंद्रात शोध चाललाय. रस्त्यावरच्या कुत्र्या सारख्या वितात, पिल्लं गाड्यांखाली जातात. तर पोट न कापता, नुसत्या सुईने कुत्रीला पिल्लं होणं थांबवायचं. घरी मी एकटी भिंतींशी बोलत बसते म्हणून ती मला सोबत नेते. मी कुत्र्यांना खायला घालते. केंद्रात त्यांना नंबर दिलेत, नावं मी ठेवली. सासूबाई, रडूबाई, हवालदारीण, तिरपी, मास्तरीण... एकूण चोवीस. शाळा तिसरीपर्यंतच झाली, पण चोवीस नावं एका दमात म्हणते! केंद्रातल्या कोणालाच येत नाहीत.

येताना लोकर घेतली. पिवळी. का ते उद्या लिहीन, डोळे दुखतात.

बुधवार, ७ फेब्रुवारी

लोकर अशासाठी – जावई, म्हणजे भिंगरीचा नवरा, काल सकाळी जिना उतरताना हळूच म्हणाले, आजी, सुया काढून ठेवा. भिंगरीचं हे काम यंदा संपतंय, मग आम्ही मनावर घेणार. मी जिन्यातच बसले! तीन वर्षं झाली लग्नाला, मी एका शब्दाने विचारलं नाही. म्हणजे विचारलं, पण आडून. जावई वायरमन आहेत. माणूस सोन्यासारखा, फक्त जेवताना शिडीवर बसल्यासारखा बसतो.

पणतवंड! मी बघणार!

शुक्रवार, ९ फेब्रुवारी

भिंगरीच्या बोटाला चिकटपट्टी. मी विचारलं तर म्हणाली, रडूबाईने पाय झटकला आणि लशीची सुई मलाच लागली. हसत होती. मीही हसले. म्हटलं, आता तू चार पायांवर चाल.

मग दार लोटून घेतलं आणि मला म्हणाली, "आजी, एकदा टोचल्याने काही होत नाही. पण कोणाला बोलू नकोस. मॅडमना कळलं तर पुन्हा सुईला हात लावू देणार नाहीत. तीन वर्षांचं काम दुसऱ्याच्या हातात जाईल."

जावयांनाही नाही सांगायचं म्हणाली. आणि हे मला! माझ्या पोटात काही राहत नाही हे अख्ख्या घराला ठाऊक. धाकट्या दिरांच्या डोक्यावर केसांचा टोप आहे हे मी त्यांच्याच लग्नात बोलले होते, नवरीसमोर. तरी तिने मलाच सांगितलं. बरं वाटलं.

गुरुवार, २२ फेब्रुवारी

टोपड्याचा काठ झाला. अजून बोलले नाही कोणाला! जीभ नुसती शिवशिवते.

सोमवार, ११ मार्च

आज केंद्रातल्या मोठ्या मॅडमनी मला त्यांच्या खोलीत चहाला बोलावलं. मला! खुर्ची स्वतः ओढून दिली. बाई शांत, पण बघतात अशा की आपल्याला आपलं सगळं केलेलं आठवावं.

मी विचारलं, सुईत असतं काय. तर इतकं छान समजावलं की मलासुद्धा कळलं. म्हणाल्या, मेंदूतून खाली एक निरोप निघतो. एवढासा, दहा मण्यांची माळ समजा. तो पोचला की अंडाशय जागं होतं, कुत्री माजावर येते, पुढे पिल्लं. निरोप नाही तर काहीच नाही. सुईत त्या माळेची नक्कल असते, पण अशा वेशात की शरीराला वाटावं, हा चोर. मग शरीर खऱ्या माळेलाही चोर समजून धरतं. आपल्याच घरचा निरोप आपणच दारात मारायचा! मी म्हटलं, मॅडम, हे तर आमच्या मोठ्या जावेसारखं झालं, माहेरचा माणूस आला तरी हाकलायची. त्या हसल्या.

पहिल्या सुईत नुसती ओळख होते म्हणाल्या. काम होतं ते दुसऱ्या सुईत. त्यानंतर काही कुत्र्यांचं वर्षा-दोन वर्षांनी उतरतं. काहींचं उतरतच नाही. कोणाचं उतरेल हे आधी सांगता येत नाही, त्याचाच शोध.

मग कप खाली ठेवून म्हणाल्या, "आजी, भिंगरीला कधी सुई लागली नाही ना? माणसांतही ती माळ अगदी तशीच असते, म्हणून विचारते."

मी म्हटलं, "छे हो. तिचा हात किती हलका!"

पापणी लवली नाही माझी! बशीतला चहासुद्धा हलला नाही. भिंगरीला सांगितलं तर तिने माझा गालगुच्चा घेतला. मला वाटायचं मला खोटं जमत नाही. जमतं की!

गुरुवार, २१ मार्च

केंद्राचा राखणदार तापाने पडलाय. कुत्र्या धरायला माणूस नाही, आणि दुसऱ्या सुईचा आठवडा. भिंगरी म्हणाली, मॅडम परगावी आहेत, आज पुढे ढकलू. मी म्हटलं, अगं मी आहे ना. सासूबाई माझ्या हातून खातात, मला धरू देणार नाहीत?

धरल्या. डोकं काखेत, एक हात छातीखाली, जसं राखणदार करतो तसं. सासूबाई लोण्यासारख्या मऊ. मला इतका आनंद झाला की मी त्यांच्या कानात म्हटलं, बाईसाहेब, तुमचं दुकान आज बंद, आमचं आता उघडणार! भिंगरीला हसू फुटलं. सासूबाईंना काय वाटलं कोण जाणे, अशी उसळी मारली की मीच भिंतीला टेकले.

सुई भिंगरीच्या तळहाताला, अंगठ्याखालच्या मांसाला. लस सगळी आत गेली होती.

ती नळाखाली हात धरून उभी राहिली. पाणी किती वेळ वाहत होतं. मी म्हटलं, पुरे गं, पाणी संपेल. तेव्हा म्हणाली, "आजी, हेही कोणाला नाही." मी म्हटलं, मॅडमना तरी सांग. म्हणाली, आता सांगून काय उपयोग.

चेहरा पांढरा पडला होता. नोकरीची भीती, दुसरं काय. मॅडम दुसऱ्या सुईचं काही म्हणाल्या होत्या, पण ते कुत्र्यांचं. आणि ती माळ काय एकच असेल, बाळ व्हायला बाईला काय काय लागतं! शिवाय सुई कुत्रीच्या मापाची. भिंगरी चांगली उंचपुरी आहे.

शुक्रवार, २२ मार्च

हात सुजलाय. तरी सासूबाईंची राहिलेली सुई आज देऊन आली. जावयांना म्हणाली, दारात बोट चेमटलं. बोट नव्हे गं, तळहात. पण मी गप्प.

मंगळवार, ९ एप्रिल

टोपडं झालं! गोंडा जरा मोठा झालाय, बाळापेक्षा गोंडाच आधी दिसेल. मोज्यांना सुरुवात.

शनिवार, ४ मे

आज लिहायलाच हवं. न्हाणीघरातल्या फळीवर भिंगरीचा पाळीचा पुडा असतो. मी तिथे माझी दातांची वाटी ठेवते, म्हणून दिसतो. मागच्या महिन्यात फोडलेला नव्हता. आज पाहिला – तसाच! वर धूळसुद्धा!

मी दात न घालताच बाहेर आले. कोणाला सांगू? सांगायचं तिने. मी फक्त तिच्या ताटात जास्त वाढलं.

रविवार, १९ मे

मी नाही बोलले. म्हणजे बोलले नाही असं नाही. जावयांना एवढंच म्हटलं, ती जड काही उचलत नाही ना, लक्ष ठेवा. ते शहाणे आहेत. पाना हातातून पडला त्यांच्या.

दुपारी बघते तर आतल्या छोट्या खोलीत भिंतीला भोक पाडतायत. खाली, जमिनीजवळ, मंद दिव्यासाठी. रात्री बाळाला मोठा उजेड नको म्हणे. शिट्टी वाजवत होते. भिंगरी बाजारातून आली, पिशव्या हातातच, त्या भोकाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "तुला कोणी सांगितलं?" ते नुसते हसले. ती न्हाणीघरात गेली आणि नळ सोडला.

पोटुशी बायका अशाच. मी तर चौथ्या महिन्यापर्यंत नवऱ्याला शिव्या घालत होते.

रविवार, २ जून

केराच्या डब्यात ती तपासायची पट्टी सापडली. कागदात गुंडाळून अगदी तळाशी. एकच रेघ. दोन हव्यात, एवढं मला शेजारणीने सांगितलंय. चष्मा पुसून खिडकीपाशी धरली. दुसरी पुसटशी आहे. मला दिसली. या पट्ट्या काही धड नसतात.

मोजे झाले. झबलं घेतलं विणायला.

गुरुवार, १३ जून

भिंगरीला फार गरम होतं. बाहेर गार वारा आणि ही खिडक्या उघडते. पांघरूण जावयांच्या अंगावर सगळं, ते गाठोड्यासारखे दिसतात. मी म्हटलं, बाळाची ऊब आहे ती. भिंगरीने माझ्याकडे पाहिलं. बोलणार होती काहीतरी. मग म्हणाली, झबलं छान होतंय, आजी.

तिच्या आवाजाला काय झालंय?

सोमवार, २४ जून

आज कुत्र्यांचं रक्त काढलं. राखणदार परत आलाय, आता मला धरू देत नाहीत. माझं काम नळ्या बर्फाच्या डब्यात उभ्या करणं. मी प्रत्येक नळीला नावाने बसवते – या रडूबाई, बसा तिरपे.

पंचवीस निघाल्या! पुन्हा मोजल्या. पंचवीसच. शेवटच्या नळीवर भिंगरीच्याच अक्षरात २५.

म्हणजे नवी कुत्री आली, आणि मला दाखवली नाही! जरा रागच आला. सगळे पिंजरे फिरले. कुठेच नाही. राखणदाराला विचारलं तर म्हणाला, आजी, नवी कोणी नाही, तुमचा हिशोब चुकला. माझा! माझा कुठलाही चुकेल, पण हा नाही.

कुठे ठेवली असेल? एकटी असेल बिचारी. नाव मात्र मी ठरवून ठेवलंय – शेंडेफळ.

शनिवार, ६ जुलै

जावई कामावर होते. मी झबल्याला बटणं लावत होते. स्वयंपाकघरातून फ्रीज उघडल्याचा आवाज आला, बंद झाल्याचा आला नाही. आत गेले. भिंगरी फ्रीजच्या दारात उभी, कपाळ वरच्या कप्प्याला टेकलेलं. मान लालबुंद. पाठीवरचं कापड चिकटलेलं. चार श्वास घेतले असतील आणि तो घाम जसा आला तसा गेला, आणि तिला हुडहुडी भरली.

मी दारातच थांबले.

हा घाम मला माहीत आहे. पोटुशीचा नाही हा. मला आला होता, पन्नाशीत, माझं सगळं संपत आलं तेव्हा. असाच छातीतून उसळून डोक्यात जायचा. मी अशीच माठाला कपाळ लावून उभी राहायचे. भिंगरीला अजून तिशीही नाही.

फळीवरचा पुडा. एकच रेघ. दोन महिने मला सगळं दिसत होतं आणि मी गोंडे करत बसले.

मी तिच्या मागे गेले, फ्रीज लावला, पदराने मान पुसली. मग विचारलं, "पंचवीस नंबर कोण गं?"

ती माझ्याकडे वळली नाही.

"मी," म्हणाली.

दर वेळी कुत्र्यांबरोबर आपलंही रक्त काढते. सासूबाईंचा निरोप जसा दारात मेला तसाच हिचा. आकडे एकाखाली एक, सारखेच, म्हणाली. उतरेल का विचारलं. "सासूबाईंचं उतरलं की बघू," म्हणाली, आणि हसायला गेली. जमलं नाही तिला.

सोमवार, ८ जुलै

मॅडमकडे एकटी जाऊन आले. सांगितलं. दोन्ही सुया.

त्यांनी उठून दार लोटलं. मग म्हणाल्या, "मी विचारलं होतं तेव्हा एकच लागली होती ना, आजी?"

हो म्हटलं.

जन्मात पहिल्यांदाच तेव्हा मी तोंड बंद ठेवलं होतं.