थकलेल्या हृदयाची घाई

टेमघर, ७ ऑगस्ट २०२५

चि. चांगदेव यास कमळताईचे अनेक आशीर्वाद.

फोन सोडून ताई पत्र का पाठवते, म्हणून बुचकळ्यात पडला असशील. ठाण्याच्या डॉक्टरीणबाईंनी तुझ्या निशाला सांगितलंय, बाबांना चिडू देऊ नका. आपण बहीणभाऊ फोनवर बोललो आणि भांडलो नाही, असं आजवर घडलंय का? म्हणून हा मार्ग. आमच्या शेजारचा हरेश रिक्षा घेऊन अंजूरला येतोच, त्याच्या हाती देते.

तुझ्या दुखण्याचं मला काहीच उमगत नाही. कारखान्याच्या शेठनी तुला बोलिव्हियाला लूम, म्हणजे ते कापडाचे यंत्रमाग, बसवायला धाडलं, तिथे मातीच्या घरात झोपलास, भिंतीतला किडा चावला, तेही तू विसरलास. त्याचे जंतू इतकी वर्षं हृदयात दडून बसले आणि आता हृदय मोठं झालं म्हणे. मोठं आणि तरी कमजोर! देव जाणे. असो. तुला हवं तसंच वाग, मी काही बोलणार नाही.

लोभ आहेच, तसा तब्येतीवरही असू दे.
तुझी कमळताई

अंजूर, १२ ऑगस्ट

ती. ताईस चांगदेवचा कृ. शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून जास्तच घाबरलो. 'तुला हवं तसंच वाग' असं तू मला लहानपणापासून कधी म्हणालीस? निशाही हल्ली हळू बोलते. काय लपवताय?

एक गोष्ट सांगतो, निशाला कळवू नकोस. हृदय थकलंय म्हणतात, आणि गोळी देतात ती त्याला आणखी हळू करणारी! मनगट धरून पाहिलं, ठोके खरंच मंद. मी जन्मभर लूम दुरुस्त केले. लूम मंदावला की आधी पट्टा ताणायचा. म्हणून ती गोळी बंद केली. ठोके पुन्हा झपाझप पडू लागले, जिवाला बरं वाटलं. पण पाय सुजलेत आणि आडवं झालं की दम लागतो. लूम धावतोय, मग कापड का निघत नाही, तेच कळत नाही.

चूकभूल पोटात घाल, माया कमी करू नकोस.
तुझा चांगदेव

टेमघर, १३ ऑगस्ट

चि. चांगदेव यास आशीर्वाद.

गाढवा, निशाला मी लगेच सांगितलं. पत्र घेऊन आलेल्या हरेशच्याच रिक्षात मुकाट्याने बस, निशा तुला ठाण्याला नेतेय. डॉक्टरीणबाईंनी मला फोनवर समजावलं. हृदय कमजोर पडलं की अंगातल्या नसा घाबरून त्याला पळ पळ करतात. ते पळतं आणि आणखी थकतं. गोळी त्या नसांना आवरते.

त्या नसा माझ्यासारख्याच रे. काळजीपोटी मागे लागतात आणि माणूस दमतो. म्हणून यापुढे मी खरंच गप्प राहीन. पण गोळी सोडू नकोस. मला फार भीती वाटते.

जीव सांभाळ, माझाही त्यातच आहे.
कमळताई

अंजूर, २ सप्टेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

दवाखान्यातून घरी आलो. सूज उतरली, आडवं होता येतं. गोळी चालू आहे. मंद ठोक्यांवर माझा अजून विश्वास बसत नाही, तरी निशासमोर रोज गिळतो.

फोन उशाशी ठेवलाय, तो वाजतच नाही. हे शांतपण मला सोसत नाही, ताई. नसांना आवरायला गोळी आहे. तू स्वतःला आवरू नकोस. आजच फोन कर आणि पोटभर बोल.

वाट पाहणारा, तुझा गाढव
चांगदेव