आकिन राहतो ते घर

प्रिय फुंगताई,

तुझं पार्सल शुक्रवारी पोचलं. वाळवलेली संत्र्याची साल एक पुडा, वाळवलेल्या मोहरीच्या पाल्याच्या दोन जुड्या, तिळाच्या वड्या आणि यानसाठी विणलेला स्वेटर. टपालाचे बेचाळीस युआन तू भरलेस ते खोक्यावर पाहिलं. इथे मला काही पडलं नाही, फक्त खोकं वर आणणाऱ्या म्हाताऱ्याला पाच डॉलर दिले, सहा मजले चढून आला बिचारा. एवढा खर्च पुन्हा करू नकोस. सालीचा एक तुकडा पेजेत घातला, तर वास दुसऱ्या दिवशीपर्यंत खोलीतच. जाणार तरी कुठून?

खोली तीच, पण तुझ्या वेळची राहिली नाही. तेव्हा एका घराचे सहा खण पाडून आपण सहा कुटुंबं राहत होतो. मालकीण आऊबाईंनी आता त्याचे नऊ केले. आमच्या पलंगाच्या पायथ्याशी नवी भिंत आली, त्यामुळे यानचे बाबा पाय मुडपून झोपतात. भाडं मात्र वाढलं. मी म्हटलं, "आऊबाई, जागा कमी झाली आणि भाडं जास्त, हे कसं?" तर म्हणाल्या, "भिंत काय फुकट उभी राहते? परवडत नसेल तर वर डोंगरावर बंगला घ्या, तिथून समुद्र दिसतो." सगळ्या बायका हसल्या. मीपण हसले, काय करणार! पण यानचं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. भिंतीची ओल पोरीच्या छातीत गेली आहे. झोपेतसुद्धा श्वासाची शिट्टी वाजते. डॉक्टर म्हणाले, "औषध लिहून देतो, पण हिला खरी गरज खिडकीची आहे." आणि आता पलीकडच्या खणातले तिच्या खोकल्याला कंटाळले, म्हणून आऊबाईंनी महिनाअखेर दुसरीकडे बघायला सांगितलंय. या भाड्यात दुसरीकडे म्हणजे पिंजऱ्यासारखी खाट मिळते, ताई. तिघांना एक.

सरकारी घराच्या रांगेत आमचं हे आठवं वर्ष. तुमचा नंबर लागला तो काळ हल्ली फार आठवतो. पगार ठरावीक आकड्यावर गेला तर कुटुंब रांगेतून बाद, म्हणून तुझ्या आकिनने दोनदा बढती नाकारली. आऊबाई चिडवायच्या, "साहेबाने पगार वाढवू नये म्हणून नवस बोलणारा जगात हा एकच पोरगा!" तो म्हणायचा, "आऊमावशी, घर मिळालं की बढती घेतो आणि तुम्हालाच हाताखाली कारकून ठेवतो." किल्ली हातात आली त्या दिवशी भाजलेलं डुकराचं मांस घेऊन तो एकेक दार वाजवत फिरला. माझा शाकाहाराचा दिवस होता, तरी मी एक तुकडा खाल्ला. देवीने तेवढं माफ केलं असेल. मग तुम्ही मायलेक त्या नव्या घरात गेलात आणि त्याच वर्षी त्याच्या कंपनीने माणसं कमी केली. ज्यांना त्याने काम शिकवलं ते वरच्या जागांवर होते, ते राहिले. हा खालचा, हा गेला. त्यानंतर तो बोलेनासा झाला, एवढंच तू मला तेव्हा सांगितलं होतंस.

तू गावी परतल्यापासून दोन वर्षं आपण दोघी गुडघ्यांबद्दल लिहितो, भाजीबद्दल लिहितो, त्याच्याबद्दल लिहीत नाही. आज लिहावं लागतंय. फोनवर मला हे विचारता आलं नसतं आणि तुलाही सांगता आलं नसतं.

गेल्या मंगळवारी घरखात्याने बोलावलं. कोणी घ्यायला तयार नसलेली घरं ते वर्षातून एकदा मांडतात. काही फार लांबची असतात, काहींत काही अभद्र घडलेलं असतं. ज्याला हवं त्याला ती लगेच मिळतात, पहिले काही महिने निम्म्या भाड्यात. आमची पाळी येईपर्यंत लांबचीही संपली होती. टेबलामागची पोरगी भली होती. म्हणाली, "काकू, एकच उरलंय, पण तिथे एक जण गेलाय, स्वतःहून. आधीच सांगते, नंतर लोक रडत येतात." आणि पत्ता माझ्यापुढे सरकवला. सतरावा मजला, कोपऱ्यातलं घर. नववर्षाला मुळ्याच्या वड्या घेऊन मी तुमच्या ज्या दारात उभी राहिले होते, ते. दोन खिडक्या आहेत त्याला.

आम्ही बाहेर आलो. यानचे बाबा म्हणाले, "भूत काही भाडं वाढवत नाही." मी रागाने पाहिलं तेव्हा त्यांचा आवाज बदलला. "जिवंत माणसांनी आपल्याला कुठे राहू दिलं, सांग. हा तर आकिन. यानला खांद्यावर घेऊन जिने उतरायचा. तो काय करणार आपल्याला?" मी देवळात गेले, क्वानयाम देवीपुढे कौल लावला. लाकडाच्या दोन्ही फाका उताण्या पडल्या. पुन्हा टाकल्या, तरी तेच. देवी काही बोलायला तयार नाही. परतताना वाटलं, हे तिला विचारायचं नाहीच.

ताई, पिकल्या केसांनी काळ्या केसांना, आईने लेकाला, पोचवायला जाऊ नये म्हणून तो गेला त्या दिवशी तुला कोणी वर जाऊ दिलं नाही. तू खाली बाकावर बसून होतीस. वर जाऊन, नाव घेऊन, "चल बाळा, इथून निघ" म्हणणारं त्याच्या रक्ताचं कोणी नव्हतं. म्हणजे तो अजून तिथेच असणार. सगळे म्हणतात, पुजारी बोलावून त्याला आधी बाहेर काढ, मग राहायला जा. पण ज्या घरासाठी पोराने एवढं सोसलं, त्यातून त्याला हाकलणारी मी कोण? तू सांग. तुला तो गावी हवा असेल, तर त्याची जन्मवेळ कळव. मी तुझ्या वतीने नाव घेऊन हाक मारीन, उदबत्तीची राख, तिच्याबरोबरच तो येतो म्हणतात, मांडीवर धरून बसने तुझ्या दारापर्यंत आणून पोचवीन. त्याने तिथेच राहावं असं तुला वाटत असेल, तर रोज पहिला वाडगा त्याचा, आणि यान त्याला दादा म्हणेल. आणि त्या घरात दुसरं कोणी राहूच नये असं तुझ्या मनात असेल, तर मी नको म्हणून सांगून येईन. तो विषय माझ्या तोंडून तुला पुन्हा ऐकू यायचा नाही. दहा तारखेच्या आत मला सही करायची आहे किंवा नाही म्हणायचं आहे. दुसऱ्या कोणाच्या हाती निरोप नको. जे असेल ते तुझ्या अक्षरात, उलट टपाली कळव.

तुझीच,
सूलान