पारगावहून आणलेली नाव

आश्विन शु. ४, बुधवार

नदीचे पाणी उतरायला लागले की नाव विकत घेणारा माणूस अख्ख्या पुण्यात एकच, आणि तो माझ्या पोटचा निघावा! ज्येष्ठात घे म्हणून घसा कोरडा केला, तेव्हा म्हणे जुनी चालतेय. आता दिवाळी सरली की भांबुर्ड्याची माणसे धोतर खोचून पाण्यातून चालत पार होतील, आणि आम्ही काठावर बसून नव्या नावेचे तोंड बघणार. नवी तरी कसली. दुसऱ्याची जुनीच.

श्री खंडेराव प्रसन्न. हे आधी लिहायचे असते. आज राग आधी आला.

खंडूने आणली. पारगावचा हैबती म्हणून कोणी आहे, त्याने दोन गाड्या जोडून वर आडवी घालून आणली. म्हणतो, "पाच वर्षांची आहे आजी. नवरीसारखी आहे बघा." मी म्हटले, नवरीच्या तोंडाला एवढी राळ थापावी लागत नाही. हैबती हसला. खंडू दुसरीकडे बघायला लागला.

आश्विन शु. ५, गुरुवार

नाव पाण्यात घातली. मागल्या आडव्या फळीवर बसले तर डावा गुडघा कडेला आपटला. जिथे आपटायचा तिथेच.

हे काय लिहिले मी. गुडघा कोणत्याही नावेत आपटतो.

आमच्या आत्ताच्या नावेत नव्हता आपटत.

तळाच्या फळ्या सागाच्या, काळ्या पडलेल्या. खिळ्यांची डोकी झिजून सपाट. पाच वर्षे म्हणे! वीसच्या आत नाही. विकणारा खोटे बोलतो, त्यात नवल नाही. पण गुडघा कशाला खोटे बोलेल.

आश्विन शु. ६, शुक्रवार

खंडूला विचारले, हैबतीने नाव कुणाकडून घेतली?

"आई, नाव आहे ती. सोयरीक जुळवायचीय का कूळ विचारायला?"

सोयरीक जुळवताना तरी कुठे विचारले होतेस. त्याची बायको आत भांडी आपटायला लागली. बरोबर ऐकले तिने.

आश्विन शु. ७, शनिवार

सगळे देवीला गेले. मी कंबर दुखते म्हणून मागे राहिले. नाव काठावर ओढलेलीच होती. विळीच्या पात्याने नावेच्या नाकाशी, पुढल्या टोकाची राळ खरवडली.

आमच्या घरची एक रीत आहे. नाव पहिल्यांदा पाण्यात जाते तेव्हा घरच्या बाईने आपली एक बांगडी फोडायची आणि तुकडा नावेच्या नाकाशी, दोन फळ्या जुळतात तिथे, राळेत बसवायचा. वरून लिंपून टाकायचे. नाहीतर नदी ती नाव आपलीच समजते. ही रीत मी माहेराहून आणली, नीरेकाठाहून. पुण्यात दुसरे कोणी करत नाही. माझ्या सासूने नावे ठेवली होती.

तुकडा निघाला. हिरवी काच, तिच्यावर पिवळा ठिपका. माझा आहे. ती बांगडी मी जेजुरीच्या जत्रेत भरली होती.

म्हणजे ही आमची नाव. स. घेऊन गेला ती. (स. म्हणजे माझा थोरला. पूर्ण नाव लिहायला शाई जास्त लागते.)

आणि माझ्या तुकड्याच्या वर, नंतरच्या राळेत, दुसरा तुकडा. लाखेचा, लाल.

माझ्या घरात लाखेचे कधी कुणी भरले नाही.

आश्विन शु. ८, रविवार

झोप नाही. सरळ लिहून काढते म्हणजे डोक्यातला गुंता कमी होईल.

बारा वर्षांपूर्वी श्रावणातल्या पुरात स. एकटाच नाव घेऊन गेला. आदल्या दिवशी नाव नीट बांधली नाही म्हणून मी त्याला बोलले होते. म्हणाले होते, पुन्हा तोंड दाखवू नकोस. मोठा आज्ञाधारक निघाला.

ना माणूस सापडला ना नाव. भागी, त्याची बायको, तेव्हा पोटुशी होती. ती पोर ठकू आता सासरी गेली. भागी अजून कुंकू लावते, कारण प्रेत बघितलेले नाही. बारा वर्षे वाट बघायची, मग दर्भाचा पुतळा करून जाळायचा, मग ती विधवा. बारा वर्षे या श्रावणात भरली. जोशीबुवांनी कार्तिक व. ८ धरली आहे. त्यानंतर मार्गशीर्षात तिचा पाट लावायचा, खडकीच्या तरीवर नाव चालवणाऱ्या रामाशी. बायको मेलेली, माणूस बरा आहे, कमी बोलतो. मीच ठरवले.

आता हा लाखेचा तुकडा.

रीत कुणाला ठाऊक? मला. आणि स.ला. लहानपणी राळेची वाटी तोच धरायचा. तो जगला असेल आणि दुसऱ्या बाईला त्याने सांगितले असेल, तर पुतळा कुणाचा जाळायचा?

की नाव वाहत जाऊन माझ्या माहेरच्या कुणाच्या हाती लागली? आमची नदी भीमेला मिळते, नीराही पुढे भीमेलाच. पण माहेरी काच लावतात, लाख लावत नाहीत. निदान माझ्या वेळी लावत नव्हते. आता भावजया काय करतात देव जाणे.

कुणाला सांगितलेले नाही. दोन्ही तुकडे हळदीच्या डब्यात टाकले.

आश्विन शु. ९, सोमवार. खंडेनवमी

नावेची पूजा. नावेच्या नाकाला कुंकू लावायचा मान थोरल्या सुनेचा. भागी वाकली ती वाकलेलीच राहिली.

"आत्याबाई, इथलं कुणी खरवडलं?"

म्हटले, घुशीने.

"घूस राळ खाते?"

म्हटले, पुण्यातली घूस काहीही खाते. तिने कुंकू लावले, भोपळ्याचे फूल ठेवले आणि माझ्या हातांकडे बघून गेली. नखांत राळ होती माझ्या.

आश्विन शु. १०. दसरा

फौजा बाहेर पडल्या. दिवसभर घोड्यांची धूळ. तरीवर ही गर्दी. स. गेला त्या वर्षीही कोणी म्हणाले होते, तुमचा मुलगा लष्कराबरोबर उत्तरेत दिसला. दुसरा म्हणाला, गोसावी झाला. तिसऱ्याने तर त्याला मांडवगणच्या बाजारात कांदे विकताना बघितला. मेलेला माणूस इतका हिंडत नाही.

जिवंत तरी इतका कुठे हिंडतो.

आश्विन शु. ११, बुधवार

खंडूला सगळे सांगितले. तुकडे दाखवले. म्हणाला, "आई, राहू दे ना. वहिनींचं एवढं ठरलंय. टाक ते नदीत."

भावावर जीव आहे त्याचा, पण तरीचे वल्हे बारा वर्षे त्याच्या हाती आहे. तेही कळते मला.

म्हटले, पारगावला जा. हैबतीला विचार, नाव कुठून आली, कोण विकत होते, कोण चालवत होते. नीट विचार. मग निघाला.

आश्विन व. १, सोमवार

खंडू आला. माझे डोके होते त्याहून जास्त फिरले.

हैबती आधी म्हणे, नाव मीच बांधली. मग म्हणे, मामाची. तिसऱ्यांदा ताडी पाजल्यावर म्हणाला, वैशाखात पेडगावच्या एका बाईकडून घेतली. भीमेवर स्वतः नाव चालवायची ती.

नवरा?

"होता म्हणे. काठावर बसून दोर वळायचा. कुणाशी बोलायचा नाही. एक डोळा गेलेला."

स.चे दोन्ही डोळे धड होते. पण बारा वर्षांत डोळा जायला कितीसा वेळ लागतो.

वय?

"आधी म्हणाला माझ्याएवढं. मग म्हणाला, नाही, म्हातारा होता."

बोली?

"म्हणाला, तो बोलायचाच नाही, तर बोली कशी सांगू."

दोर डाव्या हाताने वळायचा का? (स. डावखुरा.)

खंडूने कपाळावर हात मारला. विचारायचे राहिले! चार दिवस पाय तोडून गेला आला, तेवढे एकच विचारायचे होते, तेवढेच राहिले.

आणि विकताना त्या बाईच्या हातात बांगड्या होत्या का?

"आई, हैबतीने नाव बघितली का बांगड्या? बांगड्या कोण बघतं?"

बायका बघतात. हातात बांगड्या असतील तर तो वैशाखात जिवंत होता. नसतील तर गेला. एवढे सोपे असते. पुरुषाला पाठवले ही माझीच चूक.

आश्विन व. २, मंगळवार

जोशीबुवांकडे. आडून विचारले, एखाद्याचा पुतळा जाळला आणि तो माणूस परत आला तर?

म्हणाले, शास्त्रात सोय आहे. तुपात न्हाऊ घालायचे, जातकर्म करायचे, बारसे करायचे, मुंज असेल तर मुंज, आणि आपल्याच बायकोशी पुन्हा लग्न.

म्हटले, साडेतीन हात लांब माणूस भिजेल एवढे तूप आणू कुठून? आणि बायकोने तोवर पाट लावला असेल तर ती कुणाची?

जोशीबुवांनी पंचांग मिटले. "आजीबाई, कोण परत येतंय?"

म्हटले, कोणी नाही. सहज विचारले.

सहज विचारायला कोणी नदी ओलांडून येत नाही, हे त्यांनाही कळले असावे. दक्षिणा घेतली नाही. तेव्हा मला भीती वाटली.

आश्विन व. ४, गुरुवार

भागी समोर येऊन बसली. भाकरी थापताना हात पिठाचे, तसेच.

"आत्याबाई, नावेतून काढलंत ते कुठाय?"

काय काढले?

"तुमची बांगडी. त्यांनी सांगितलं होतं मला. म्हणायचे, आईची बांगडी आहे नावेत, नाव बुडायची नाही."

म्हणजे नवमीपासून हिला ठाऊक. पाच माणसांचा स्वयंपाक करत होती आणि ठाऊक होते.

डबा पुढे केला. हिरवा तुकडा तिने बाजूला ठेवला. लाल बोटांत धरून उजेडाला नेला. फिरवून फिरवून बघितला. मला वाटले रडेल. म्हणाली, "भारी बांगड्या भरते ती बाई. कोपरे घासून घेतलेत. बोट कापू नये म्हणून."

मग सांगितले तिला सगळे. हैबती, पेडगाव, दोर वळणारा. शेवटी म्हटले, तुझा पाट मोडायचा नसेल तर हे नदीत टाकू. पुतळा मीच जाळायला लावते. पाप लागले तर मला लागेल, माझे दिवस कितीसे उरलेत.

"मला विचारलंत का?"

काय विचारायचे?

"काहीच. बारा वर्षांत काहीच विचारलं नाहीत. थांब म्हणालात, थांबले. आता जाळू म्हणता, पाट लावू म्हणता." पिठाचे हात झटकले. "मला नवरा परत नकोय, आत्याबाई. मला एवढंच कळायला हवं, मी बारा वर्षं कुंकू कुणाचं लावलं."

भाकरी करपली, दोघींनी बघितली, कुणी उलटली नाही.

आश्विन व. ६, शनिवार

रामाला बोलावून घेतले. लपवून पाट लावायचा तर उद्या तोच विचारेल. भागी दाराआड. सांगितले.

तो नाव बघायला गेला. नाकावरची खरवडलेली जागा अंगठ्याने चाचपली. परत येऊन म्हणाला, "नाव चांगली आहे."

म्हटले, नावेचे नाही विचारत.

"मग काय? मी तरीवर नाव चालवतो, आजी. पलीकडच्या काठावर माणूस हाक मारेपर्यंत थांबायची सवय आहे मला." दाराकडे बघून म्हणाला, "हाक आली नाही तरी ठीक."

नालायक असता तर सोपे गेले असते.

आश्विन व. ७, रविवार

भागी पेडगावला जाते म्हणते. मी म्हटले, दिवाळी तोंडावर आली. म्हणाली, येईल तशी येईल. म्हटले, तो नसला तिथे तर? म्हणाली, बाई तर असेल. म्हटले, आणि तो असला तर? यावर दशम्यांचे पीठ काढायला उठली.

खंडू सोबत जाईल. तोवर आमच्या तरीचे काम रामा बघतो म्हणाला. म्हणजे स.ची नाव रामा चालवणार. मी यातले काहीच ठरवले नाही आणि सगळे ठरले. या घरात असे पहिल्यांदाच झाले.

जायच्या आधी तिला म्हटले, त्याने विचारले तर सांग की आईने... पुढचे राहिले. ती थांबली होती ऐकायला. म्हटले, काही नाही, दशम्या नीट बांध.

आश्विन व. ८, सोमवार

पहाटे गेली. कुंकू लावून गेली, नेहमीएवढेच. दोन्ही तुकडे पदराच्या गाठीत बांधून नेले. माझा हिरवा मागितला नव्हता तिने. मीच दिला. त्या बाईला दाखवायला हवा, तिच्या लाखेखाली आधीपासून कोण होते ते.

नाव सकाळी भांबुर्ड्याला दोनदा गेली. रामाचा गुडघा आपटत नाही. बुटका आहे. नाकावर आता एकही बांगडी नाही. माझ्या हातातली फोडून बसवावी असे मनात आले. विधवेच्या हातात कसली बांगडी. विसरलेच होते. पंचवीस वर्षांनी विसरले!

मग तशीच चालू दे.

दुपारी जोशीबुवांचा निरोप आला, दर्भ आणायला माणूस धाडू का, कार्तिकातली अष्टमी नक्की ना. मागोमाग खडकीच्या पाटलाचा, पाटाचे नक्की का. निरोप्याला घरात घेतले नाही, दारातूनच सांगितले आणि इथेही लिहून ठेवते, म्हणजे मी उद्या फिरायला नको: पुतळा जाळायचा का, पाट लावायचा का, स. मेला का, हे कुणीही विचारायला आले तरी मला विचारायचे नाही, खंडूला नाही, रामाला तर मुळीच नाही. भागी येईपर्यंत थांबायचे आणि भागीला विचारायचे. उत्तर तिनेच द्यायचे.