अकरा जणांचं एकच उत्तर

शनि. ५ जाने. ७४

प्रिंटआउट आले. पोरांनी बाकं वाजवून वर्ग डोक्यावर घेतला. अकराच्या अकरा जणांचं उत्तर ४१.३७ मिनिटं. दशांशाच्या पुढचंसुद्धा तेच.

गणित माझंच. भाईंदरकडच्या चौकच्या किनाऱ्याला होड्या केव्हाही लागणार, मासळी भरून न्यायला ट्रक एकच. होडीला सरासरी किती वेळ थांबावं लागेल? वर्गातला पाटील तिथलाच, घरची होडी आहे, म्हणून हे घेतलं. कुठली होडी कधी येईल ते मशीननं रँडम नंबर काढून ठरवायचं. नशीबच, पण मशीनचं.

सबनीस साहेब मुद्दाम वर्गात आले. विभागप्रमुख, शिवाय माझी फाइल त्यांच्याच टेबलावर. "बघा राणेबाई, मशीन चुकत नाही! कमिटीला हेच दाखवू या." मी हसले. पण काहीतरी खुपतंय. नशिबाच्या खेळात अकरा जण इतके एकसारखे? घरात दोन भाऊ एकसारखे निघत नाहीत.

रवि. ६ जाने.

चहा घेता घेता वसंत : "यंदा तरी कायम करतायत का तुला?"

म्हटलं, बावीसला कमिटी येतेय. आमच्या कॉम्प्युटरच्या डिप्लोम्याला मान्यता द्यायची की नाही ते ठरवणार, त्याच बैठकीत माझंही. नवरा खूश. स्टीलच्या कारखान्यात दिवसभर ताटं-वाट्या तपासतो, एक वाटी दुसरीसारखी निघाली की त्याला बरं वाटतं. त्याला ४१.३७ चं सांगितलं. "मग चांगलंय की! सगळ्यांचं बरोबर आलं."

आता याला काय सांगू.

मंगळ. ८ जाने.

आधी वाटलं कॉपी. वर्गात सगळ्यांना झापलं. नलिनी भट ताडकन उभी राहिली, "मॅडम, माझी कार्डं मी स्वतः पंच केलीयत." खरं बोलत होती. वर्गात सगळ्यात हुशार, तिला कॉपीची गरज काय.

मग सगळ्यांचे, प्रोग्रॅमची भोकं पाडलेल्या कार्डांचे गठ्ठे टेबलावर मांडून बसले. जेवायलाही गेले नाही. आणि सापडलं!

रँडम नंबर काढायच्या प्रोग्रॅमचा गठ्ठा पंचिंगच्या खोलीत तयार मिळतो. सगळ्यांनी त्याचीच नक्कल करून आपापल्या गठ्ठ्यात घातली. त्यातलं पहिलं कार्ड म्हणजे सुरुवातीचा आकडा. मशीन त्या आकड्यापासून पुढचे नंबर काढत जातं. ते कार्ड ज्याचं त्यानं बदलायचं असतं. पण खोलीच्या भिंतीवर पाटी : 'तयार गठ्ठ्यातील कार्डे हलवू नयेत.' पोरं पाटी वाचून वागली. सुरुवात तीच, म्हणून नंबर तेच, होड्या त्याच, उत्तर तेच. बी.एस्सी. होऊन आलेली घोडी, एकाच्याही हाताला चुकून खाज सुटली नाही.

इतका आज्ञाधारकपणा काय कामाचा. चिडले, मग एकटीच हसत बसले.

गुरु. १० जाने.

साहेबांना सांगितलं. शांतपणे ऐकलं, चहा मागवला. चहा मागवला की समजायचं, आता गोष्ट गोडीनं मिटवणार.

"आकडा चुकीचा आहे का, राणेबाई?"

"नाही सर. पण तो अकरा वेळा आलेला नाही. एकदाच आलाय. अकरा जागी छापलाय."

"म्हणजे चूक नाहीच!"

खिडकीपाशी चार्ट उभा करून ठेवलाय. पेंटरकडून करवून घेतला. अकरा निळे खांब, सगळे एका उंचीचे, वर लाल अक्षरात 'संगणकाची अचूकता'. म्हणाले, "हा प्रश्न तुमच्या-माझ्यातच राहू दे. तुमचंही काम आहे ना बावीसला."

अळीमिळी गुपचिळी. मी संभाव्यता शिकवते की भजन?

शुक्र. ११ जाने.

वर्गात पत्त्यांचा जोड घेऊन गेले. एकदा पिसला, वरून पाच पानं दाखवली. मग तीच पानं त्याच क्रमानं परत ठेवली आणि दुसऱ्याला वाटली. तिसऱ्याला पुन्हा तीच. पाटील ओरडला, "मॅडम, पिसा की!" म्हटलं, आता कळलं? तुम्ही कुणी पिसलेच नाहीत.

सुरुवातीच्या कार्डावर प्रत्येकानं आपला रोल नंबर पंच करायचा असं ठरलं. कार्डांची पेटी सोमवारी जाईल. मशीन आपलं नाही, दुसऱ्यांच्या दारात रांग लावायची, उत्तर यायला तीन-चार दिवस.

तास संपल्यावर नलिनी मागे थांबली. "मॅडम, राहू द्या ना तसंच. मान्यता नाही मिळाली तर आमच्या डिप्लोम्याला कोण विचारणार? घरी सांगून आलेय, वर्षात नोकरी लागेल म्हणून."

साहेबांच्या धमकीनं झाला नाही इतका त्रास हिच्या बोलण्यानं झाला. माझी नोकरी मी पणाला लावीन. हिची कशी लावू?

रवि. १३ जाने.

भाईंदरहून एस.टी.नं चौकला, पाटीलकडे. मिठागरांवर ऊन नुसतं डोळ्यांत जात होतं. होड्या बघायच्या होत्या. खरं म्हणजे घरात बसवत नव्हतं.

पाटीलच्या आईनं भाकरी आणि ओल्या बोंबलाचं कालवण वाढलं. समोर बसून म्हणाली, "पोरगा सांगतो, मशीन सांगतंय होडी किती थांबंल. मंग सांग ना बाय, उद्याला किती थांबंल?"

"उद्याचं नाही सांगता येत."

"येवढी शिकलीस नि म्हाईत न्हाय?"

"नाही."

ती खो खो हसली. पाटील लाजून लाल. मला मात्र बरं वाटलं. 'माहीत नाही' म्हटलं आणि कुणी चहा मागवला नाही! येताना सुकटीची पुडी दिली, बसमध्ये सगळे वळून वळून बघत होते.

नलिनीबद्दल विचार केला. तिला उद्या नोकरी लागेल, असंच कुठलं तरी गणित करील, अकरा वेळा तेच उत्तर बघून मान डोलावील. त्यासाठी शिकवत नाही मी. नाहीच शिकवत.

सोम. १४ जाने. संक्रांत

पेटी गेली. साहेबांनी स्टाफरूममध्ये सगळ्यांना तिळगूळ दिला. माझ्या हातावर ठेवताना जरा थांबले, "गोड बोला हं. बावीसला तर फारच गोड."

तिळगूळ खाल्ला. शब्द दिला नाही.

गुरु. १७ जाने.

आले! कुणाचं २९, कुणाचं ५८, पाटीलचं ३६, नलिनीचं ४७. वर्गाचं तोंड कडू. "मॅडम, मग आता कुणाचं बरोबर?"

"सगळ्यांचं."

मग नलिनीनंच फळ्यावर सगळे आकडे एका ओळीत मांडले, मधे जागा सोडत, कुठे दाटी झालीय, कुठे विरळ. बराच वेळ बघत राहिली. "म्हणजे हे पसरलेलं असणं, हेच उत्तर आहे का?" मी खडू तिच्याच हातात राहू दिला. या एका वाक्यासाठी वर्षभर घसा कोरडा केला होता.

शनि. १९ जाने.

साहेब : "अकरा जणांची अकरा तोंडं कमिटीला दाखवू? बैठकीत तुम्ही बोलायचं नाही. ही सूचना समजा."

घरी वसंतशी वाजलं. "एवढं ताठ राहून मिळतं काय? चार वाक्यं गिळ, कायम हो, मग हवं ते शिकव." म्हटलं, गिळायची सवय लागली की मग शिकवायला उरतं काय? तो ताट सरकवून उठला. माणूस वाईट नाही. दरवर्षी जूनमध्ये नेमणुकीच्या नव्या पत्राची वाट बघताना मी चिडचिडी होते, ते त्यालाच भोगावं लागतं.

पण शेंडी तुटो वा पारंबी. बोलणार.

मंगळ. २२ जाने.

बोलले.

चार्ट टांगलेला. पोरांनाही बोलावून बसवलेलं. अध्यक्ष इंजिनिअर माणूस, धिप्पाड, कमी बोलणारा. चष्मा वर करून म्हणाले, "वा. अगदी अचूक." साहेब फुलले. अध्यक्षांनी सहज विचारलं, "कुणाला काही सांगायचंय?"

उभी राहिले. साहेबांना खोकला लागला. सगळं सांगितलं. भिंतीवरची पाटी, पहिलं कार्ड, एकच उत्तर अकरा जागी. "सर, हा चार्ट खोटा नाही, पण तो जे सांगतोय ते खोटं आहे."

अध्यक्षांनी समोरच बसलेल्या नलिनीला विचारलं, "तुझं उत्तर किती आलं?" तिनं साहेबांकडे बघितलं. मग माझ्याकडे. ४१.३७ म्हणाली असती तरी मी तिला दोष दिला नसता.

"कुठलं सांगू, सर? दोन आहेत."

देवा.

"आणि मी एखादा आकडा दिला तर?"

"तिसरं येईल, सर."

ते उठले, फळ्यावर एक आकडा लिहिला. "हा घालून बघा. उत्तर मला कळवा. मान्यतेचं आणि बाईंचं, दोन्ही तेव्हाच बघू." मी म्हटलं, एका उत्तरानं काही सिद्ध होत नाही सर. साहेबांनी कपाळावर हात मारला. अध्यक्ष म्हणाले, "निदान वेगळं तरी येऊ द्या."

नलिनीनं लगेच पंचिंगच्या खोलीत जाऊन कार्ड पंच केलं. संध्याकाळच्या पेटीत गेलं.

गुरु. २४ जाने.

उत्तर उद्या येईल.

नुसतं वेगळं येईल, त्याची खात्री आहे. पण ४१ च्या आसपास आलं तर? ४० आलं, ४२ आलं? सहज येऊ शकतं. बरेच आकडे तिथेच दाटीनं पडतात, नलिनीच्याच फळ्यावर दिसलं होतं. मग साहेब म्हणतील, बघा, जवळजवळ तेच! चार्ट पुन्हा भिंतीवर, मी बाहेर, आणि पोरांच्या डोक्यात जन्मभर ते अकरा निळे खांब. मी खरी असून हरेन. हे असं होऊ शकतं हे मीच शिकवते.

नलिनी आज तासाला पहिल्या बाकावर. घाबरलेली. बाकीचेही. म्हटलं, वह्या काढा, पुढचा धडा. काढल्या.

वसंतचा राग निवळलाय. सुकट स्वतः निवडायला बसला, माझ्याकडे न बघता म्हणाला, "मंदे, तू तर यातलीच. किती शक्यता आहे तुझ्या बाजूनं?"

काढता येईल. अकरा आकडे आहेत हाताशी, कागद आहे, पेन्सिल आहे.

काढली नाही.