साडेसहाची खूण

२ सप्टेंबर, सोमवार

"वाया गेलेला खर्च." हे शब्द अहवालात हवेत म्हणे. तेही पहिल्याच पानावर! खात्याच्या साहेबांनी फोनवर दोनदा सांगितलं, मला कमी ऐकू येत असावं तसं.

मी म्हटलं, अहो, अहवाल अजून लिहायचाय.

"तेच तर. लिहायच्या आधी सांगितलेलं बरं."

बरं तर बरं. इथे एकदा सगळं सरळ लिहून ठेवते, म्हणजे उद्या कुणी कितीही गोल गोल फिरवलं तरी माझं डोकं ठिकाणावर राहील. नदीकाठच्या वस्तीसाठी खात्यानं निधी बाजूला ठेवलाय. पूर येऊन गेल्यावर वाटायचा नाही — यायच्या आधी वाटायचा. पुलाखालच्या मोजपट्टीवर पाणी साडेसहा मीटरला जाणार असा अंदाज आला, की तीन दिवस आधी प्रत्येक घराला पैसे. सामान हलवा, म्हातारी माणसं टेकाडावरच्या शाळेत न्या. ही साडेसहाची खूण आमच्याच फर्मनं ठरवून दिली. म्हणजे मीच, तीन वर्षांपूर्वी.

गेल्या वर्षी तसा अंदाज आला. पैसे गेले, वस्ती हलली. आणि पाणी पट्टीवर पाच मीटर ऐंशीला येऊन थांबलं. पूर आलाच नाही! म्हणून आता साहेबांना खूण आठ मीटरवर न्यायचीय, आणि त्यांच्या हट्टाला आमच्या अभ्यासाचा शिक्का हवाय.

सात मीटरला पाणी पहिल्या गल्लीतल्या घरांत शिरतं. आठला माणूस कमरेएवढ्या पाण्यात उभा असतो. तेवढं पाणी येणार असं नक्की कळेपर्यंत थांबायचं, मग पैसे. तहान लागल्यावर विहीर खणायची, ती पण खात्याच्या सवडीनं!

साहेबांचं नाव आजपासून आठमीटर.

३ सप्टेंबर, मंगळवार

मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. फर्म त्यांची, तेव्हा त्यांचं ऐकून घ्यावं लागतं. "पुढच्या तीन वर्षांचं काम याच खात्याकडून यायचंय. तुला कळतंय ना?"

कळतंय. म्हणूनच तर अंगाचा तिळपापड होतोय.

५ सप्टेंबर, गुरुवार

जेवताना सासऱ्यांना सगळं सांगितलं. बाबा अग्निशमन दलात एकतीस वर्षं होते. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली तरी फोन वाजला की आधी पायात बूट शोधतात.

"खोट्या कॉलवर आम्ही महिन्यातून चारदा धावायचो. कुठे कुणाचं दूध करपलेलं, कुठे कुणी शेकोटी केलेली. परत आलो की रजिस्टरात सही. बंब विकून टाका, असं कुणी म्हणालं नाही."

मग भाकरी मोडत — "आणि खोटं निघालं म्हणून आम्हाला वाईट नाही गं वाटायचं. बरं वाटायचं."

नवरा म्हणाला, तुम्ही दोघं मिळून जेवण थंड करा.

पण बाबांनी मुद्दा दिला! बंबाचा मुद्दा बैठकीत मांडणारच. आठमीटर काय उत्तर देतात बघू.

९ सप्टेंबर, सोमवार

वस्तीवर गेले. पहिल्या गल्लीतलं पहिलं घर शिंपिणीचं. पुढच्या खोलीत मशीन, मागच्या खोलीत संसार. बाई बोलताना मशीन थांबवत नाही. मीच मोठ्यानं बोलायचं.

गेल्या वर्षी पैसे हातात पडल्यावर काय केलं? हातगाडी ठरवली, मशीन शाळेत हलवलं. सासूला खुर्चीत बसवून चौघांनी उचललं. "नवरीसारखी मिरवत नेली म्हातारीला! ती वरून सगळ्यांना हात दाखवतेय." अख्खी गल्ली मोकळी झाली, एक माणूस मागे राहिलं नाही.

मग माझ्या छापील यादीतला प्रश्न विचारला. विचारावा लागतो. "नंतर असं वाटलं का, की हे सगळं वाया गेलं?"

मशीन थांबलं.

"वाया? ताई, पाणी उंबऱ्याला लागलं होतं!"

म्हणाली, एका गिऱ्हाइकाचा पोशाख खुंटीवर राहिला होता म्हणून तिसऱ्या दिवशी पहाटे एकटीच परत आले. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. पाणी दाराला भिडलेलं. पोशाख काढला आणि पळाले. दुपारपर्यंत ओसरलं पण. बाकीचे दोन दिवसांनी आले तेव्हा गल्ली कोरडी ठणठणीत.

माझ्याकडे पट्टीच्या रोजच्या नोंदी आहेत. पाच मीटर ऐंशी. दाराला भिडायचं तर पाणी सातच्या आसपास हवं. अंधारात, भीतीपोटी माणसाला वीतभराचं हातभर दिसतं. मी मान डोलावली. वहीत लिहिलं नाही. वाद कशाला घालू? तिच्याच बाजूनं तर भांडतेय!

निघताना तिनं विचारलं, "लिहिलंत ना?"

हो म्हटलं.

१० सप्टेंबर, मंगळवार

आठमीटरनी 'सुचवलेली वाक्यं' पाठवलीत. आयती! मी फक्त नाव घालायचं. सगळी खोडली. लाल पेनानं.

१७ सप्टेंबर, मंगळवार

मसुदा पूर्ण. एक्केचाळीस पानं. मुख्य म्हणणं एवढंच: आधी हालचाल करायची तर कधीमधी हाक खोटी निघणार. तेवढी मुभा ठेवायची तयारी नसेल तर हा निधी बंद करा आणि पूर येऊन गेल्यावर चादरी वाटत बसा. वरातीमागून घोडं नाचवायची हौस असेल तर त्याला संशोधन कशाला लागतं?

शेवटचं वाक्य मॅडमनी काढलं. मी परत घातलं. त्यांनी परत काढलं.

२० सप्टेंबर, शुक्रवार

बैठक.

सव्वा तास एकटी बोलत होते. घसा बसला. बाबांचा बंब आणला. "घंटा खोटी निघाली म्हणून बंब विकत नाही कुणी!" दोन-तीन जण हसले. मला वाटलं, जिंकलं.

आठमीटर शांतपणे म्हणाले, "बंब परत येतो हो. वाटलेला पैसा येतो का? आणि पाणी तर आलंच नव्हतं. हे तरी मान्य आहे ना तुम्हाला?"

मान्य करावं लागलं. नोंदीच तशा होत्या. तिथून पुढे माझा प्रत्येक मुद्दा लंगडा पडत गेला. मी म्हणायचं, पण पुढच्या वेळी येईल. त्यांनी म्हणायचं, या वेळी नव्हतं.

मग मॅडमनी टेबलाखाली माझ्या पायावर पाय दिला आणि वर गोड हसून म्हणाल्या, "मधला मार्ग काढू. सात?" साहेबांनी लगेच मान हलवली. इतकी लगेच, की त्यांना सातच हवे होते, आठ नुसते घासाघिशीला ठेवले होते, हे माझ्या डोक्यात आलं तेव्हा कागद माझ्यापुढे सरकलाही होता. 'वाया गेलेला खर्च' काढलं. त्याजागी 'टाळता आला असता असा खर्च'. नवी खूण सात मीटर.

सही केली.

मी! जी बाई नळवाल्याशीसुद्धा भांडून काम दोनदा करून घेते, तिनं मुकाट्यानं सही केली.

२१ सप्टेंबर, शनिवार

अर्धा मीटर म्हणजे हातभर. हातभरच तर सोडलं, असं स्वतःला सांगून पाहिलं. पटलं नाही.

२३ सप्टेंबर, सोमवार

शिंपिणीला सांगायला स्वतः गेले. पत्रानं कळवण्याएवढी निर्लज्ज अजून झाले नाही.

तिनं नीट ऐकून घेतलं. "म्हणजे गेल्या वर्षीएवढं पाणी आलं, तर पैसे नाहीत?"

मी म्हटलं, गेल्या वर्षी पाणी आलं नव्हतं हो. नोंदीत —

तिनं माझं मनगट धरलं आणि ओढत दाराशी नेलं. दाराची खालची फळी नवी. मग ट्रंकेतून सुताराची पावती काढली. 'फुगलेली फळी बदलणे'. तारीख त्या 'न आलेल्या' पुरानंतर चार दिवसांची.

"पाणी नव्हतं तर फळी काय घामानं फुगली?"

पावतीचा फोटो काढला आणि तशीच पुलावर गेले. तीही आली, मशीन तसंच टाकून. संध्याकाळी पाचला पट्टीवाले काका येतात. रोज दोनदा पाण्याची पातळी बघायची आणि खात्याला फोनवर आकडा कळवायचा, बावीस वर्षं हेच काम. त्यांना विचारलं, "काका, ही पट्टी कधीपासूनची?"

"ही होय? नवी आहे. पुलाच्या खांबाची दुरुस्ती झाली तेव्हा जुनी काढली. दोन वर्षं होऊन गेली की."

"जुन्या पट्टीच्याच जागी बसवली?"

"खांब तोच. पण खाली काँक्रीटचा नवा पाया आला ना, मग शून्य त्याच्या वरून धरलाय. मीटरभर वर. मी तेव्हाच साहेबांना विचारलं, वर कळवायचं का? म्हणाले, तू आकडा सांग, बाकीचं आम्ही बघतो."

मीटरभर!

तिथेच कठड्यावर वही ठेवून लिहिलं. माझी साडेसहाची खूण जुन्या पट्टीवरची. अंदाज काढणारं गणितही जुन्या पट्टीवरचं. आलेलं पाणी मात्र नव्या पट्टीवर मोजलं! नव्या पट्टीवर पाच-ऐंशी, म्हणजे जुन्या पट्टीवर सहा-ऐंशी. अंदाज होता साडेसहाचा. हाक खोटी नव्हतीच. आम्ही दोन्हीकडचे शहाणे अख्खी बैठक भांडलो ते खोटी हाक परवडते की नाही यावर, आणि हाक खरी होती!

तीन वर्षांपूर्वी पट्टी बघायला मी इथे तीनदा आले होते. या वेळी एकदाही आले नाही. ऑफिसात बसून नोंदींची फाईल वाचली. दाराशी पाणी बघून आलेल्या बाईपेक्षा मला फाईल खरी वाटली.

शिंपीण शेजारी उभी होती. "मी सांगितलं होतं" असं म्हणाली नाही. एवढंच विचारलं, "त्या दिवशी लिहिलं होतंत ना?"

नाही म्हटलं. या वेळी खरं बोलले.

ती वळली आणि घरी गेली. हाक मारायला तोंड उघडलं, पण काय म्हणून मारू?

२४ सप्टेंबर, मंगळवार

मॅडमचं म्हणणं: अळीमिळी गुपचिळी. "सात झाले, आठ तर नाही ना? आता तोंड उघडलंस तर सगळं उकरून काढतील. चूक कुणाची निघेल?"

"खात्याची. आणि माझी."

"मग?"

"मग निघू दे."

"सही केलेला अहवाल मागे घेतलास तर कुठलंच खातं तुला दारात उभं करणार नाही. आणि मीही करू शकणार नाही. लक्षात ठेव."

ठेवलं लक्षात! टेबलावरचा माझा कप आणि टेपचं भेंडोळं पिशवीत टाकून आले. खुर्चीवरची उशीपण माझी होती, ती राहिली. राहू दे. बसेल कुणीतरी मऊ.

घरी सांगितलं, नोकरी बहुतेक गेली. नवरा म्हणाला, "चला, म्हणजे चहा तरी वेळेवर मिळेल." मेला! पण नंतर दोन तास बसून माझं पत्र त्यानंच टाईप केलं. बाबांनी दोनदा वाचलं आणि म्हणाले, "'कदाचित' हा शब्द काढ."

काढला.

२५ सप्टेंबर, बुधवार

दहा वाजता साहेबांच्या टेबलावर पत्र ठेवलं. सही मागे. खूण साडेसहाच राहू द्या आणि पट्टी आधी सरळ करा. सोबत पट्टीवाल्या काकांचा जबाब, सुताराच्या पावतीचा फोटो. आणि शिंपिणीचा जबाब, तिच्या शब्दांत. सकाळी सातला तिच्या दारात उभी राहून लिहून घेतला. मला आत ये म्हणाली नाही, पण एक शब्द गाळू दिला नाही.

साहेबांनी चष्मा काढला. "बाई, पाणी खरंच घरांना लागलं असतं तर आरडाओरडा झाला असता की! एक माणूस ओरडलं नाही."

ओरडायला होतं कोण तिथे? सगळी शाळेत होती.

त्यांच्यासमोरच पेन काढलं आणि पत्राच्या वरच्या कोऱ्या जागेत हातानं लिहिलं —

पाणी आलं होतं. गल्ली रिकामी होती.