रेबा बोलू लागली

३ नोव्हेंबर
पोचले एकदाची! घाटाची वळणं संपता संपेनात, पण जीपमधून उतरल्या उतरल्या वेलदोड्याचा असा वास आला की निम्मा शीण तिथेच उतरला. मळ्याचे मालक कुरियन स्वतः फाटकाशी आले होते. माझी पिशवी त्यांनीच उचलली. लोकांच्या घरी राहून आजारी माणसं सांभाळण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं, पण नर्सबाईची पिशवी उचलणारा मालक हा पहिलाच.

घर मोठं, उजेडाचं. स्वयंपाकाला मुत्तुलक्ष्मी आहे, घाटाखालच्या तमिळ मुलखातली. फार तोंडाळ. मला बघताच म्हणाली, "अक्का, अंगानं भरलेल्या आहात, बरं झालं. आधीची नुसती काडी होती." दुपारी उकडलेला कप्पा, म्हणजे साबुदाण्याचा कंद, आणि लालभडक मासळीचं कालवण. बोटं चाटत जेवले.

आणि रेबा. चार वर्षांची आहे, पण उभी राहत नाही, बोलत नाही. बसते, रांगते, टकमक बघते. डोळे मात्र इतके हुशार की पहिल्याच नजरेत मला वाटलं, या पोरीत काही कमी नाही, हिच्याशी पुरेसं कुणी बोललेलंच नाही. तिची आई आन्सी अंथरुणाला खिळलेली, मागच्या खोलीत असते. लेकराला हाकेला ओ देणारं एक हक्काचं माणूस लागतं, बाकी सगळं मागाहून. माझ्या अनीटाशी मी 'अनीमोळे, लेकी' करत भांडी घासतानाही बडबडत असे. आता सातवीत आहे, आणि तोंड म्हणून मिटत नाही! माझ्या नोकरीपायी आजीकडे राहते बिचारी.

रेबाला मी बोलती करणार. इथे लिहूनच ठेवते.

९ नोव्हेंबर
बोलली! सकाळी पेज भरवताना मी नेहमीसारखी म्हणत होते, हा बघ चमचा, आला चमचा. तिनं माझ्या ओठांवर हात ठेवला आणि स्वच्छ म्हणाली, "चमचा." तिला कडेवर घेऊन मी खोलीभर नाचले. कुरियन दारात उभे राहून लहान मुलासारखे रडले.

मुत्तुलक्ष्मी तेवढी आत आली नाही. ती रेबाचं ताटही उंबऱ्यावरच ठेवते. मी चिडवलं, पोर काय चावते का गं? तर म्हणाली, "मला माझं तोंड लाडकं आहे, अक्का." तिचं काय बोलणं असतं कुणास ठाऊक.

रात्री पुढे लिहिते. जेवताना गंमत झाली. मला पेज खायला हवं होतं ते… दांडीचं, खोलगट… नावच आठवेना. शेवटी हातानं खुणा केल्या. म्हातारी झाले की काय मी!

१७ नोव्हेंबर
रेबाच्या तोंडी आता रोज नवे शब्द. आज खिडकीचे गज धरून उभी राहिली, मग गज सोडले आणि माझ्याकडे चालत आली. मी हात पसरून पुढे झाले, तोच माझा गुडघा कापसासारखा दुमडला आणि मी खाली बसले. ती माझ्या अंगावर कोसळली. दोघी हसलो.

आन्सीचं आंघोळपाणी कुरियन कुणाला करू देत नाहीत. आज ते मळ्यात अडकले म्हणून मी गेले. अर्धांगवायूची माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. हा अर्धांगवायू नव्हे. अंग गरम, कातडी तजेलदार, पण मान धरत नाही. तळव्याला बोट लावलं तर मूठ घट्ट वळली. तोंड पुसताना गालाला फडकं लागलं, तशी मान वळवून ती तोंडानं काहीतरी शोधू लागली.

तान्ही बाळं दूध शोधतात तसं.

फडकं तिथेच टाकून मी बाहेर आले.

२२ नोव्हेंबर
मुत्तुलक्ष्मीला आज सोडलंच नाही. ती चुलीपुढे बसून सगळं बोलली.

रेबा जन्मली ती मांसाच्या गोळ्यासारखी. मान धरीना, नजर ठरेना. डॉक्टरांनी हात टेकले. आन्सीनं तिला दिवसचे दिवस छातीशी धरलं, तेल चोळलं, गाणी म्हटली. पोरीनं मान धरली, आणि आईची मान पडली. मग फिलोमिना नावाची बाई आली. रेबा बसायला शिकली, रांगायला शिकली. फिलोमिनाला जाताना चादरीत गुंडाळून जीपमध्ये ठेवावं लागलं. "मी पोरीला हात लावत नाही, अक्का. मला वाईट म्हणा. मलाही पोरं आहेत."

कुरियनना विचारलं. त्यांनी नाकारलं नाही. म्हणाले, "सिस्टर, आन्सीला कळलं होतं. तरी तिनं पोरीला खाली ठेवलं नाही. मी बाप आहे, मी किती बोललो हिच्याशी, माझं काहीच घेत नाही ही. मग काय करू? पडू देऊ तशीच? तुम्ही आई आहात. तुम्हीच सांगा."

मी खोलीत येऊन पिशवी भरली. उद्याच्या जीपनं मी निघणार.

२३ नोव्हेंबर
जीप आली नाही. रस्त्यावर दरड आहे म्हणे.

ठरवलं, तिच्याजवळ जायचं नाही. सकाळी तिनं हाका मारल्या. मी ओ दिली नाही. मग रडली. मग रडणंही थांबलं. दुपारी पाहिलं तर भिंतीकडे तोंड करून पडलेली, दूध तसंच. संध्याकाळी ओठ पांढरे, हात गार. वॉर्डात अशी टाकून दिलेली मुलं पाहिली आहेत मी. रोग काही नसतो. नुसती विझतात.

मी उचललं तिला. मला राहवलं नाही. तिनं डोळे उघडले, म्हणाली, "अम्मे."

माझ्यातून काहीतरी गेलं. काय गेलं ते —

१ डिसेंबर
रस्ता मोकळा झाला म्हणतात. मला भिंत धरल्याशिवाय चालता येत नाही. रेबा पळते.

घरी फोन केला. पलीकडे माझी मुलगी, हॅलो हॅलो करत होती. तिला नावानं हाक मारायची होती. नाव नाही. होतं, आता जागा नुसती. मागून रेबा म्हणाली, "अनीटा."

फोन हातातून पडला.

६ डिसेंबर
आज मला पिवळं दिलं. सोलून खातात ते. रेबा नाव सांगते, स्पष्ट. मी ऐकते, आणि लगेच —

उभं राहता येत नाही. मुत्तुलक्ष्मी उंबऱ्यावर दोन ताटं ठेवते. डोळे पुसते. आत येत नाही.

रेबा भरवते मला. हळू. फुंकर घालून. तोंड पुसते. मी करत होते तसंच.

८ डिसेंबर
माझी माणसं आली. भाऊ. आणि मुलगी. फोनमुळे घाबरून.

जसं ऐकलं तसं लिहिते.

रेबा पुढे धावली. "अनीमोळे! किती वाळलीस गं! जेवलीस का?" माझा आवाज. माझंच बोलणं, दारात पोर आली की मी करायची ते. मुलगी पांढरी पडली. माझ्याकडे बघत राहिली. मला सगळं कळत होतं. तोंडातून नुसता आ — आ —

भाऊ म्हणाला, हिला झटका आलाय. जीपच्या हिसक्यांनी मरेल. उद्या ॲम्ब्युलन्स घेऊन येतो.

मुलीनं हात सोडला नाही माझा. भावानं ओढून नेलं तिला.

उद्या. उद्यापर्यंत पुरायला हवं मी.

अक्षरं आहेत अजून. अक्षरं माझी. ही कुणी —

रेबा आली. मांडीवर बसली. ऊबदार. वही बघते. माझं बोट धरलंय. लिहितं बोट.

"अम्मे, हे कसं करतात? मला शिकव ना."

नाही म्हणायचं. उद्या येतील. नाही —

ओठ काढलाय खालचा. रडेल आता. भिंतीकडे तोंड करेल.

तिच्या हातात पेन्सिल. माझा हात तिच्या हातावर. असं, बाळा. असं. वळण घे. हे पहिलं अक्ष